आंबिया बहार, मुक्काम कोर्दोबा

सुनेनं माझा मोबाईल टीव्हीला जोडून दिला आणि म्हणाली, "आता सांगा आई, कोणतं गाव कोणतं ते." झालं, तिथंच माझी फजिती सुरू झाली. पिवळी ट्राम चढावर चढतेय, मी म्हटलं पोर्तो, ती निघाली लिस्बनची. निळ्या फरश्यांनी मढवलेलं स्टेशन लिस्बनचं म्हणून ठोकून दिलं, ते पोर्तोचं. नदीच्या वळणावर बसलेलं तोलेदो मी ग्रानादा म्हणून सांगितलं. सून हसायला लागली. "आई, तुम्ही नक्की गेला होतात ना?" गेले होते गं बाई. चांगले बारा दिवस पायांचे तुकडे पाडून आले. पण खामगावच्या घरात सोफ्यावर बसून पाहताना ती सगळी गावं एकमेकांत मिसळून गेलीत, आणि कोणाचा मनोरा कोणाच्या पुलावर गेला ते मला उमगत नाही.

एका फोटोपाशी मात्र मी चुकत नाही. त्यात दगडी अंगण आहे, संत्र्याची झाडं आहेत, आणि मी पाठमोरी उभी आहे, एक हात झाडात घातलेला. "हे कोर्दोबा," मी म्हणते. सून म्हणते, "हं, हे बरोबर," आणि पुढचा फोटो लावते. मी तिला मागं जायला सांगते.

सहल मुलानं दिली. पोर्तुगाल आणि स्पेनच्या ऐतिहासिक शहरांची सांस्कृतिक सफर, असं माहितीपत्रकावर होतं. माझं माहेर जळगाव जामोद, सासर खामगाव, जन्मभर शिवणाचे क्लास घेतलेले. सांस्कृतिक म्हणजे नेमकं काय पाहायचं ते मला कळेना, पण पोराला नाही म्हणवेना. आमचा तांडा बहुतेक पुण्या-ठाण्याचा. खोलीत माझ्या जोडीला शैलाताई होत्या, पुण्याच्या, निवृत्त, नेटक्या. रोज संध्याकाळी त्या दिवसभराचे राजे वहीत उतरवून काढायच्या. पहिल्याच दिवशी मी "मले बिनसाखरेचा चहा" म्हणून बसले, तेव्हापासून त्या मला बोलतं करायला टपलेल्या. "अहो, परत म्हणा ना तसंच." मी काय जत्रेतलं माकड आहे? पण बाई मनानं निर्मळ. माझ्या टाचेला फोड आला तर स्वतःच्या हातानं मलम लावून दिलं.

गोंधळाची सुरुवात कानातल्या यंत्रापासून झाली. गळ्यात एक डबी, कानात बोंडूक. गाइडबाई पुढं कुठं तरी चालता चालता बोलते आणि तिचा आवाज आपल्या कानात. मी नेहमी मागं राहायची. ती सांगायची डाव्या हाताच्या राजाच्या पुतळ्याबद्दल, तेव्हा माझ्या डाव्या हाताला बेकरी असायची. तिथल्या पावांकडं बघत मी राजाचा पराक्रम ऐकायची. एकदा तर दुसऱ्याच कुठल्या सहलीचा आवाज कानात शिरला, आणि मी बराच वेळ कुठल्या तरी परक्या भाषेला माना डोलावत राहिले. टूर मॅनेजर केतननं येऊन बटण फिरवलं तेव्हा कळलं.

कोर्दोबाला पोचेपर्यंत मी समजून घेणं सोडूनच दिलं होतं. बाहेरून मशीद, आत मधोमध चर्च, आणि मशिदीच्याही आधी तिथं आणखी काही होतं म्हणे. मी केतनला विचारलं, "म्हणजे आता हे नेमकं काय आहे?" तो म्हणाला, "काकू, नावात दोन्ही आहे."

आत जायच्या आधी अंगण लागतं. मी आपली खाली मान घालून चालत होते, फोड सांभाळत, आणि पायाखाली दांड आला. पाणी सोडायची नाली. दगडात कोरलेली, पण दांड तो दांडच. एका झाडाच्या बुंध्याभोवती गोल आळं, तिथून दांड पुढच्या आळ्यात, तिथून पुढच्या. मी वर पाहिलं. संत्र्याची झाडं ओळीनं, फळं लटकलेली आणि फुलं पण आलेली, पांढरी, मेणचट. आणि वास. अरे देवा, तो वास! बुंध्याला हात टेकून उभी राहिले. कानातला आवाज पुढं पुढं गेला, खरखरला आणि बंद पडला.

आमची बाग जळगाव जामोदहून दोन कोसांवर, सातपुड्याच्या अंगाला होती. आता तिथं एकही झाड नाही, माझा मोठा भाऊ नाना तिथं तूर घेतो, सोयाबीन घेतो. संत्र्याला बहार आणायचा तर आधी त्याला तहानलेलं ठेवावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. दिवाळीनंतर कधीतरी पाणी बंद व्हायचं. विहीर भरलेली आणि झाडं कोरडी. पानं मलूल व्हायची, मग द्रोणासारखी मिटायची. आमचे वडील, आबा, मागं हात बांधून ओळींमधून फिरायचे, आणि त्या दिवसांत घरातसुद्धा कोणी मोठ्यानं बोलत नसे. मला झाडांची फार दया यायची. एकदा मी गुपचूप तांब्याभर पाणी नेऊन एका आळ्यात ओतलं. आबांनी तांब्या हातातून काढून घेतला. रागावले नाहीत, नुसतं "नाई बाई" म्हणाले.

मग संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी ताण तुटायचा. विहिरीला नारळ, इंजिनाला हळदकुंकू. इंजिन आधी खोकायचं, थांबायचं, पुन्हा खोकायचं, आणि मग डग डग डग. पाणी दांडातून निघायचं, त्याच्यापुढं वाळकी पानं, मुंगळे आणि मातकट फेस. मी पाण्याच्या तोंडासोबत पळायची. भेगाळलेली माती पाणी प्यायची तेव्हा बारीक बुडबुड आवाज यायचा, तो ऐकायला मी आळ्यापाशी उकिडवी बसायची. पुढं पंधरा-वीस दिवस काहीच दिसायचं नाही. आणि मग एक दिवस आबा घरी येऊन ओसरीत बसले की त्यांच्या धोतराला, उपरण्याला, हातातल्या काठीलासुद्धा वास असायचा. तो आंबिया बहार. आता तो वास कुठल्याच बाटलीत मिळत नाही. मी शोधला आहे, तीन-चार अत्तरं आणून पाहिली, सगळी खोटी.

बागेच्या एका कोपऱ्यात पन्हेरी होती, रोपं तयार करायची जागा. तिथं हनीफचाचा बसायचे. जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, रोपाला चाकूनं चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, आणि त्यांची बायको जुबेदा चाची पटकन सुतळी गुंडाळून गाठ मारायची. दोघं दिवसभर एक शब्द न बोलता काम करायची. ओल्या मातीचा, चिरलेल्या सालीचा आणि चाचांच्या बिडीचा मिळून एक वास पन्हेरीला होता. हनीफचाचा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आणि आई. आईची माझ्यापाशी एकच आठवण आहे. आहे म्हणू की होती म्हणू, याचाच आता घोळ झालाय. मी पाचेक वर्षांची असताना ती गेली. काय झालं होतं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि पुढं मीही विचारलं नाही. तिचा फोटो नाही. एक लुगडं होतं, ते कोणी नेलं ठाऊक नाही. माझ्यापाशी आहे ते एवढंच: बहार आलेलं झाड, अगदी खाली आलेली फांदी, मी कोणाच्या तरी मांडीवर, आणि हिरव्या बांगड्यांचे दोन हात खाली पडलेली फुलं उचलून माझ्या डोक्यावर टाकताहेत. एकेक करून. बांगड्या वाजताहेत. बस. एवढ्यावर मी सगळं आयुष्य काढलं. लग्नात पाठवणीच्या वेळी, बाळंतपणात, मालक गेले तेव्हा, मी डोळे मिटून त्या झाडाखाली जाऊन बसायची. मला आई होती याचा तो एकच पुरावा होता.

तर कोर्दोबाच्या त्या अंगणात मी उभी होते आणि हे सगळं अंगावर आलं. अन् हात आपोआप वर गेला. झाडाच्या बुंध्यातून एक सरळसोट हिरवी फूट वर निघाली होती. तिला आमच्याकडं पानसोट म्हणतात. झाडाचा जीव खातो आणि फळ देत नाही, दिसला की मोडायचा, ही आबांची शिकवण. मी धरला आणि काडकन मोडला. लगेच शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला, हातवारे करून काय काय बोलला. माझ्या हातात ती हातभर लांब फूट. मी ती त्याच्यापुढं धरून म्हटलं, "अहो, पानसोट होता हा. तुमच्याच झाडाचं भलं केलं." केतन पळत आला, सॉरी सॉरी म्हणाला, मला दंडाला धरून बाजूला नेलं. शैलाताईंनी तेवढ्यात मागून फोटो काढलेला होता, तो हा.

मी अंगणाच्या कडेला दगडावर बसले आणि नानाला फोन लावला. तिकडं दुपारची झोप चालू असणार हे माहीत होतं, तरी लावला.

"काऊन वं, पडलीबिडली त नाई?" नाना घाबरूनच बोलला.

"नाई रे नाना. अठी संत्र्याचा बहार आला हाय, भर गावात. मले मायची लय याद येऊन राह्यली. माय मले बहारात झाडाखाली घेऊन बसे ना, तुले आठवते का?"

तिकडं तो हसला. "माय? बागेत? बहारात?"

"हाव."

"अवं, बहारात घरच्या बाईनं बागेत पाय टाकाचा नाई, असा नेम नव्हता का आपला? फूल गळते म्हनत. मोठी झाल्यावर तुले तरी कोणी जाऊ देल्लं का? अन् माय गेली त्या सालचं म्हनशील त थे खाटेवरून उठत नव्हती. मी बारा वर्साचा होतो, मले चांगलं आठवते."

"मंग मले मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?"

"मले का मालूम? सपन पडलं असंल तुले. झोपू दे आता."

नेम मला माहीत होता हो. न्हाण आल्यावर मलाही लागू झाला होता, बहाराचे दिवस मी घरात चरफडत काढलेले. पण तो नेम आणि ती आठवण मी कधी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं, तर दोन्ही एकदम खरी असू शकत नव्हती. मला नानाचा असा राग आला म्हणता! साठ-बासष्ट वर्षं जी गोष्ट मी कोणाला न सांगता जपली, ती यानं झोपेत कूस बदलता बदलता काढून घेतली. आणि मीच नेऊन त्याच्या हातात दिली होती.

त्यानंतर ग्रानादात काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. सून फोटो दाखवते, महाल आहे, कारंजी आहेत, भिंतीवर जाळीदार नक्षी आहे, त्यात मी पण आहे, पण तिथं मी होते असं मला वाटत नाही. मी दिवसभर एकच करत होते, त्या दोन हातांकडं पुन्हा पुन्हा बघत होते. हात कोणाचे? आत्याचे? ती तर घरचीच बाई. स्वप्न म्हणावं तर बांगड्यांचा आवाज कसा? जितकं बघावं तितकं चित्र पुसट व्हायला लागलं. आधी फांदी गेली, मग मांडी. मला भीती वाटायला लागली की घरी पोचेपर्यंत काहीच उरणार नाही.

संध्याकाळी शैलाताईंनी वही मिटली आणि विचारलं, "तुमचं काहीतरी बिनसलंय. सांगा." सांगितलं. सगळं. पेनाचं टोपण लावत-काढत त्या म्हणाल्या, "माझी आई ब्याण्णव वर्षं जगली. हजार आठवणी आहेत, निम्म्या भांडणाच्या. देता आल्या असत्या ना, तर दिल्या असत्या हो तुम्हाला थोड्या." मला हसू पण आलं आणि रडू पण.

सेव्हियात तर रस्त्यांवरच संत्री. दोन्ही बाजूंना झाडं, फुटपाथवर फळं पडलेली, आणि कोणी उचलत नाही. आमच्या जिवाला ते कसं सहन व्हावं? मी एक उचललं, पुसलं, सोललं आणि फोड तोंडात टाकली. जंबेरीपेक्षा आंबट आणि वरून कडूजहर. शैलाताई ओरडल्या, "अहो, रस्त्यावरचं!" मी थुंकत होते आणि तेवढ्यात फोन वाजला. नाना. व्हिडिओ कॉल. हा माणूस साधा फोनसुद्धा आपणहून करत नाही. मी सगळ्यांच्या मागं झाडाखाली थांबले. फुलांचा खच पडलेला, वरूनही गळत होती.

नानाचं अर्धं कपाळ दिसलं. "बाई, तुले सपन म्हटलं मी, पन मले काई चैन पडेना," तो म्हणाला. "मंग माह्या ध्यानात आलं. नेम होता घरच्या बायाइले. कामावरच्या बाईले कायचा नेम? अन् बहारात आपल्या बागेत कामाले बाई म्हनजे एकच. अठी तिच्याच घरी बसलो हाय. घे, बोल."

फोन हलला, छत दिसलं, पंखा दिसला, मग पांढऱ्या ओढणीत एक सुरकुतलेला चेहरा. जुबेदा चाची. तिला मी माहेरी गेले की लग्नाकार्यात भेटत आलेली. नमस्कार-चमत्कार, तब्येत कशी, पोरं कशी, यापलीकडं कधी बोलणं नाही.

"कोण, छोटी का?" ती म्हणाली.

"हाव चाची. मले एक सांग. बहारात मले मांडीवर घेऊन..."

"मीच व्हती बेटा," तिनं मला पुरं बोलूच दिलं नाही. "मीच. नाना म्हने तू मायची याद काढून राह्यली. मले वाटलं तुले मालूम असंल."

म्हणजे गेलं. आईचं म्हणून होतं ते सगळं गेलं, आईचे म्हणून मी ज्या हातांना रोज हात लावला ते दुसऱ्याच बाईचे. चाचीला माझा चेहरा दिसत होता की नाही कोण जाणे, ती आपली सांगत राहिली.

"तुह्या मायनं लगन होऊन आल्यापासून बहार काई पाह्यलाच नव्हता. बहार आला का तिले बागेत जाता ये नाई, अन् गावातल्या घरी वास पोचे नाई. त्या साली त थे खाटेवरच व्हती. मले बोलावलं अन् म्हने, जुबेदा, माह्या पोरीले रोज घेऊन जाय. झाडाखाली बसव. अन् मंग तशीच माह्यापाशी आणून दे. केस झटकू नोको, धुऊ नोको. मी तुले खांद्यावर घेऊन जात व्हती. खाली पडलेले फुलं तुह्या केसात टाकत व्हती. दिवस कलला का आणून तिच्या कुशीत देत व्हती. थे तुह्या डोक्यात नाक खुपसून पडून राहे, डोये मिटून. लय येळ. तू चुळबुळ करस, पन थे सोडे नाई. वास घेऊन सांगे मले, आज खालच्या ओळी फुलल्या वाट्टे."

"खालच्या ओळी?"

"हाव. मी तुले कोठी बसवलं थे तिले वासावरून समजे म्हने. मी बी हाव म्हनून देत व्हती."

"किती दिवस, चाची?"

"बहार व्हता तवरोक."

"मंग?"

"मंग काय बेटा. फूल गळालं, फळ धरलं." तिनं ओढणीनं डोळे पुसले. नानाचा आवाज आला, चाचीले पाणी द्या म्हणून. मग फोन बंद झाला.

केतन बसच्या दारातून हाका मारत होता. मी जाऊन माझ्या जागेवर बसले. तो भाग मला आठवत नाही हो. झाडाखालचं सगळं आहे, आणि त्यानंतरचं, जिथं ती होती, तिथलं काहीच नाही. तिचा श्वास नाही, छाती नाही, ती सोडत नव्हती आणि मी चुळबुळ करत होते, तेही नाही. मी फार वेळ आठवून पाहिलं. शेजारी बसलेल्या शैलाताई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. मी ती घेतली नाही.

"शैलाताई," मी म्हटलं, "माझ्या डोक्याला काही वास येतो का, पाहा बरं."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि माझ्याकडं झुकल्या. त्यांचा श्वास भांगात गरम लागला.

"येतोय," त्या म्हणाल्या. "फुलांचा. चांगला येतोय."

"लगेच उठू नका," मी म्हटलं. "जराशीक राहा तशाच."